लूमाईचा दुसरा डोळा

माझ्या पहिल्या देवीला आठ हात होते आणि आठही हातांत आमच्या मागण्या होत्या. एका हातात हजेरीपट, दुसऱ्यात औषधाची पेटी, तिसऱ्यात पिण्याच्या पाण्याचा माठ, चौथ्यात कामगाराचं ओळखपत्र. उरलेल्या चारांत काय होतं ते आता आठवत नाही, पण एकही हात रिकामा ठेवायचा नाही एवढं माझं पक्कं होतं. पत्रकातही मी रिकामी जागा सोडायचे नाही. कागद आणलाय तर समास कशाला?

माझ्या मैत्रिणीनं ते चित्र उलटं-सुलटं करून बघितलं.

‘‘ही देवी आहे की दवाखान्यातली नर्स?’’

‘‘देवी आहे. यंत्रमागाची.’’

‘‘हिला ब्लाऊज कोण शिवून देणार? आठ बाह्या?’’

‘‘गंमत करू नकोस.’’

‘‘मी नाही करत, तू करतेयस. बाई, हे पत्रक आहे. त्याला फक्त डोकं आणि पाय लावलेत.’’

मला राग आला, कारण ती खरं बोलत होती.

ही दोन हजार सात-आठची गोष्ट. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि भिवंडीतल्या लूम कामगारांसाठी धडपडणाऱ्या एका लहानशा गटात पत्रकं लिहायचे. ही मैत्रीण शाळेपासूनची. ती बाजारपेठेतल्या एका दुकानात संगणकावर लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचे बोर्ड बनवायची. दादा, भाऊ, साहेब अशा सगळ्यांच्या वाढदिवसांचे हसरे चेहरे तिच्या हातून जायचे. कोन गावाच्या बाजूला तिच्या वडिलांचा गणपतीचा कारखाना होता. तिथे ती पंधराव्या वर्षापासून आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. हे काम सगळ्यात शेवटी होतं आणि ज्याचा हात सगळ्यात स्थिर, तोच ते करतो. डोळे होईपर्यंत ती मातीच असते, असं तिचे वडील म्हणायचे. मला ते ऐकून हसू यायचं. तेव्हा मला पुष्कळ गोष्टींचं हसू यायचं.

आणि ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं तो माझा काका.

काका खारबावच्या बाजूच्या आमच्या गावातून रोज भिवंडीला एका गाळ्यात लूम चालवायला यायचा. लूमवर शटल असतं, जुनी माणसं त्याला धोटा म्हणतात. दोन्ही टोकांना लोखंडी अणी असलेला लाकडी तुकडा. तो ताण्याच्या धाग्यांमधून नजरेला दिसणार नाही अशा वेगानं इकडून तिकडे धावतो. कधीकधी वाट सोडून बाहेर उडतो. तो माणसाला लागू नये म्हणून लूमला पुढून सळई आणि दोन लूमच्या मध्ये जाळी लावायची असते. काकाच्या गाळ्यात एकाही लूमला दोन्हींपैकी काहीच नव्हतं. तुटलेला धागा सांधताना सळई आडवी येते, काम रेंगाळतं, म्हणून असलेल्या सळयाही काढून भंगारात घातल्या होत्या. एका दुपारी शेजारच्या लूमवरचं शटल उडालं आणि काकाच्या डाव्या डोळ्यात घुसलं. डोळा काढावा लागला. शेठ स्वतः गाडीतून त्याला घेऊन गेला, दोनदा दवाखान्यात फळं घेऊन आला, आणि काका बरा झाल्यावर त्याला त्याच गाळ्यात धाग्याच्या कांड्या भरायच्या बसत्या कामावर घेतलं. सगळे म्हणाले, शेठ देवमानूस हाय.

जाळी लागली नाही. गाळ्यात बारा माणसं होती आणि तेवीस डोळे.

आम्हाला कामगार कार्यालयात तक्रार द्यायची होती. तिला काकाची सही हवी होती. जाळी नव्हती, हे ज्याचा डोळा गेला त्यानं सांगायला हवं होतं. बाकीचे कामगार परमुलखातले, ते काकाकडे बघत होते. काका सही करत नव्हता. नाहीही म्हणत नव्हता. ‘‘बगू,’’ म्हणायचा आणि बिडी शोधायला लागायचा.

मी पत्रक लिहिलं. त्यात ‘रक्तपिपासू’ हा शब्द चार वेळा होता. आम्ही ते गाळ्यागाळ्यांत वाटलं. चार दिवसांनी मी काकाला विचारलं, कसं वाटलं?

‘‘कागद झ्याक हाय बाय तुजा,’’ काका म्हणाला, ‘‘हाताचं त्याल एका पुसन्यात जातं.’’

तेव्हा मी देवीचं ठरवलं. सायबर कॅफेत मी परदेशी पोरांनी काढलेली चित्रमालिका बघितली होती. दर दोन-तीन दिवसांनी चार चौकटी, जगात कुठेही बसून वाचा. मला वाटलं, असं आपण का करू नये? शेठ कायद्याला भीत नाही, आम्हाला तर नाहीच नाही. देवीला भितो. मग त्याच्यावर देवीच सोडू. माझा स्वतःचा देवावर काडीचा विश्वास नव्हता, आणि म्हणूनच हे हत्यार आपल्या हातात सुरक्षित राहील असं मला वाटत होतं. या वाक्यातला मूर्खपणा दिसायला मला वर्ष लागलं.

आठ हातांचे दोन झाले. दुसऱ्या खेपेला मी तिला खवळलेली काढायला लावली, जीभ बाहेर, केस मोकळे, हातात शस्त्र. मैत्रीण म्हणाली, ‘‘ही कुणाच्याही घरात चालेल. भिंतीवर कॅलेंडरात आहेच.’’ तिचं म्हणणं, आधी ही बाई राहते कुठे, खाते काय, दुपारी काय करते ते सांग. मी म्हटलं, देवी दुपारी काय करणार? ती म्हणाली, ‘‘ते तुला ठाऊक नसेल तर मी काढू काय?’’

मग आम्ही दोघी गाळ्यांच्या गल्लीत हिंडलो. तिनं वही काढलीच नाही, नुसतं बघत राहिली. तिसरी देवी तिनं एकटीनं काढली आणि मला गप्प बसवलं. काळीसावळी, रुंद हाडाची, चाळिशीची बाई. अंगावर रंगवायच्या आधीचं लूमवरून उतरलेलं मळकट पांढरं कापड, काठ नाही, पदर कमरेला खोचलेला. केसांवर, भुवयांवर सुताचं तूस. कानांत कापसाचे बोळे, कारण जन्मभर लूमच्या खडखडाटात राहून तिला कमी ऐकू येतं. त्यामुळे तिच्याकडे गाऱ्हाणं ओरडूनच सांगावं लागतं, आणि तीही ओरडूनच उत्तर देते, दोन शब्दांत. वाहन म्हणून मैत्रिणीनं कापडाच्या गठ्ठ्यांनी लादलेला, एका बाजूला कललेला तीनचाकी टेम्पो दिला. ‘‘उंदरापेक्षा बरा,’’ ती म्हणाली. नाव ठेवलं लूमाई.

गोष्टही तिथेच सापडली. प्रत्येक वेळी चौकटीतला शेठ देवीला काहीतरी द्यायला येणार. नारळ देतो, साडी नेसवतो, देऊळ बांधतो, सोन्याचा कळस चढवतो. प्रत्येक वेळी शेवटच्या चौकटीत लूमाई ओरडणार, ‘‘जाळी लाव!’’ एवढंच. मला ते इतकं आवडलं की मी दुकानातच टाळ्या वाजवल्या आणि पत्रिका छापायला आलेलं एक कुटुंब दचकलं.

भांडण झालं ते डोळ्यावरून. माझं म्हणणं होतं की लूमाईचा डावा डोळा गेलेला हवा. मैत्रिणीनं पेन्सिल खाली ठेवली.

‘‘बाबांच्या कारखान्यात मूर्तीचं बोट जरी तुटलं ना, तरी ती बाजूला काढतात. खंडित झाली. गिऱ्हाईक घेत नाही, बाबा विकत नाहीत. आणि तू मला डोळाच फोडायला सांगतेस.’’

‘‘तेच तर पाहिजे मला. खंडित मूर्तीची पूजा करत नाहीत ना? हिची कुणी करू नये. हिचं ऐकावं फक्त.’’

‘‘माझा हात नाही चालणार.’’

‘‘चित्र आहे अगं. मूर्ती नाही.’’

‘‘तुझ्यासाठी.’’

तरी तिनं केलं. पण मिटलेला डोळा तिला जमेना. नुसता मिटला की देवी झोपलेली वाटायची, ओरखडा काढला की चेटकीण. माणसाचा डोळा काढल्यावर पापणी कशी आत बसते ते तिनं बघितलेलं नव्हतं. मी म्हटलं, मी आणते. शुक्रवारी गाळे बंद असतात. त्या दिवशी मी काकाकडे जेवायला गेले, आणि जेवून तो ओट्यावर आडवा झाल्यावर माझ्या नव्या मोबाईलनं त्याच्या चेहऱ्याचे फोटो काढले. अगदी जवळून. त्याला विचारलं नाही. काकी आत भांडी घासत होती, तिलाही सांगितलं नाही. त्यात विचारायचं काय, असं मला वाटलं. काकासाठीच तर करत होते.

फोटो बघून मैत्रिणीनं तो डोळा हुबेहूब काढला. पापणीची आत ओढलेली घडी, खाली गालावर उतरलेली बारीक सुरकुती. चौथी लूमाई ती. तिच्यात आता काही बदलायचं उरलं नव्हतं. आम्ही दोघी बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो. ती आमच्याकडे एका डोळ्यानं बघत होती आणि पहिल्यांदा मला तिची थोडी लाज वाटली, म्हणजे तिच्यापुढे माझी.

दुकानातल्या स्कॅनरवरून चित्रं इंटरनेटवर चढायची. कॅफेतल्या संगणकांवर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे, म्हणून संवादाच्या फुग्यातली अक्षरंही मैत्रीण हातानंच काढायची. पुण्याच्या दोघातिघांनी ‘छान’ लिहिलं. परदेशातल्या एका बाईंनी लिहिलं, किती क्यूट आहे ही देवी! मी तो शब्द वाचून दोन दिवस जेवले नाही, असं म्हणणार होते, पण जेवले. फक्त चिडचिड करत जेवले. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्या बारा जणांपैकी एकानंही इंटरनेट बघितलेलं नव्हतं. हे मला आधी सुचायला नको होतं? पत्रक लिहिताना मी निदान गाळ्याच्या दारात उभी राहायचे. आता सायबर कॅफेच्या पंख्याखाली बसून क्रांती करत होते.

मग मैत्रिणीनं उरलेल्या फ्लेक्सच्या पट्टीवर लूमाई मोठी छापली. हाताएवढा चेहरा, बाजूला फुगा, ‘जाळी लाव!’ ती आम्ही काकाच्या गाळ्याच्या बाहेरच्या भिंतीवर, मुतारीच्या कोपऱ्याच्या वरच्या अंगाला टांगली. शेठ रोज तिथूनच आत जायचा. बघू दे, म्हटलं.

नंतर माझी परीक्षा होती. महिना-दीड महिना मी तिकडे फिरकले नाही. काकाचा उरलेला उजवा डोळा मधल्या काळात लाल होऊन पाणी गाळायला लागला होता, हेही मला उशिरानं कळलं. काकी घाबरली. दवाखान्यात थेंब दिले, तिनं ते टाकले, आणि शिवाय आमच्याकडे बायका करतात ते केलं. डोळ्याचं दुखणं असलं की देवीला चांदीचा डोळा बोलतात. उतार पडला की जत्रेतल्या दुकानातून पत्र्याएवढा पातळ चांदीचा डोळा आणून देवीला वाहतात. गावात देवी आहे, शेंदराची, तिला चांदीचे डोळे बसवलेले आहेत. काकी तिच्याकडे गेली नाही.

परीक्षा संपल्यावर मी एका शुक्रवारी गाळ्यात गेले, तर बाहेरची भिंत रिकामी. मी मनात म्हटलं, फाडलं शेवटी. खरं सांगते, मला आनंद झाला. झोंबलं म्हणून फाडलं.

आत गेले. गाळ्याच्या मधल्या खांबावर लाकडी चौकटीत, काचेशिवाय, लूमाई होती. झेंडूचा हार. खाली लाल बल्ब. चौकटीत मावत नव्हता म्हणून फुगा कापून टाकला होता. आणि डाव्या डोळ्यावर, काकाच्या त्या आत ओढलेल्या पापणीवर, मेणानं चिकटवलेला चांदीचा डोळा. लाल उजेडात तो चमकत होता. माझी देवी दोन्ही डोळ्यांनी सरळ पुढे बघत होती आणि कुणालाच काही म्हणत नव्हती.

सुट्टी असूनही आरतीला जमलेल्या कामगारांना शेठ बंद लूमच्या कडेला पेढे वाटत होता. मला बघून म्हणाला, ‘‘या मॅडम! तुमच्या काकांच्या डोळ्याला गुण आला ना. घ्या, प्रसाद घ्या.’’

‘‘ही कुणी लावली?’’

‘‘कामगारांनीच. मी फक्त फ्रेम करून दिली.’’

‘‘त्यावर काय लिहिलं होतं ते वाचलं होतंत तुम्ही?’’

‘‘वाचलं ना.’’ तो अजिबात चिडला नाही. ‘‘पण आता आईच इथे बसली म्हटल्यावर जाळी कशाला? तीच बघते सगळ्या लूमकडं. आली त्या दिवसापासून एक शटल उडालेलं नाही. विचारा यांना.’’

मी विचारलं नाही. चौकटीला हात घातला. तेव्हा आझमगढकडचा एक वयस्कर कामगार मध्ये आला. तो रागावलेला नव्हता, हे मला जास्त लागलं.

‘‘रहने दो बिटिया,’’ तो म्हणाला. ‘‘मशीन के सामने पीठ करके खड़े होते हैं, तो लगता है कोई देख रहा है। उतना भी मत ले जाओ।’’

मी हात काढून घेतला. त्या माणसाला काय उत्तर द्यायचं हे कुठल्याही पत्रकात नव्हतं. आजही मला ते नीट येत नाही.

दुकानात जाऊन मैत्रिणीवर ओरडले. खंडित मूर्ती पुजत नाहीत ना? ती एका आमदाराच्या चेहऱ्यावरचे डाग पुसत होती. माऊस तसाच धरून म्हणाली, ‘‘पुजत नाहीतच. म्हणून तर त्यांनी आधी ती पुरी केली. तू अर्धी सोडलेलीस, त्यांनी आखणी केली.’’ आणि मग हळूच, ‘‘कशी दिसते गं?’’

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. सुंदर दिसत होती, हे मी तिला सांगितलं नाही.

आता तक्रारीला मुदत अशी नव्हती, पण गटातल्यांचा धीर सुटत चालला होता. ज्याचा डोळा गेला तोच त्या गाळ्यात आरतीला उभा राहतो म्हटल्यावर काय करायचं, असं ते म्हणू लागले. मी म्हटलं, सही मी आणते. पुढच्या शुक्रवारी कागद घेऊन गावाला गेले.

काका ओट्यावर सुतळी वळत होता. उजवा डोळा साफ झालेला. काकीनं चहा दिला. मी कागद काढला, वाचून दाखवला. लूमला सळई नव्हती, जाळी नव्हती, मागूनही मिळाली नाही. सगळं खरं होतं. काका म्हणाला, ‘‘बगू.’’

‘‘किती दिवस बघणार काका? अजून कुणाचा तरी जाईपर्यंत?’’

काकी मध्ये पडली. ‘‘आता कशाला कुनाचा डोला जाल? आई बसलीय तितं.’’

मग माझा तोल सुटला. मी काकीला सगळं सांगितलं. ती आई-बिई कुणी नाही, ती मी आणि माझ्या मैत्रिणीनं दुकानात बसून बनवली. आधी आठ हात होते, मग दोन केले. टेम्पो तिनं सुचवला, नाव मी ठेवलं. खोटी आहे ती, काकी. कागदावरची आहे.

काकीनं शांतपणे ऐकलं.

‘‘मना ठाव हाय तूच काडलीस ती,’’ ती म्हणाली. ‘‘सगल्या गावाला ठाव हाय. म्हनून तर मी तिलाच बोलली. घरच्या पोरीनं काडली, घरच्या मानसासाटी काडली, ती घरच्यांचं आयकंल का दुसऱ्यांचं?’’

‘‘पण ती खरी नाही ना!’’

‘‘गावातला दगूड बी कुनीतरी उचलूनच आनला आसंल.’’ आणि मग ती माझ्यासमोर येऊन बसली. ‘‘तू काडलीस ना? मंग तूच सांग. सई करावी का नको? ती काय बोलतं?’’

मी माझ्या आयुष्यात इतकी सोपी संधी बघितली नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं. वर्षभर जे युक्तिवादानं झालं नव्हतं ते एका वाक्यानं होणार होतं. आणि खोटं कुठे होतं? लूमाई पहिल्यापासून जाळीच मागत होती. ती बोलली असती तर हेच बोलली असती. माझ्याहून जास्त कुणाला माहीत होतं?

मी मान खाली घातली, आवाज थोडा उतरवला आणि म्हटलं, ‘‘ती म्हणते, सही कर.’’

काकीनं हात जोडले. मला जोडले. माझ्या काकीनं, जिच्या मांडीवर मी वाढले तिनं, मला हात जोडले, आणि मी तिला थांबवलं नाही. पेनाचं टोपण काढून मी पेन काकापुढे धरलं.

काका हसला. आधी नुसता नाकातून, मग मोठ्यानं.

‘‘वा गं बाय. शेठ बी आसाच बोलतं. आई सांगतं लूम चालवा, आई सांगतं भिऊ नका. तू सांगतेस आई बोलतं सई कर. तुमी दोगं बसा एकदा, आनि ठरवा ती काय बोलतं ते. मंग मना सांगा.’’

‘‘काका, मी तुमच्यासाठी...’’

‘‘माज्यासाटी?’’ हसणं थांबलं. त्यानं बोट स्वतःच्या डाव्या पापणीवर ठेवलं. ‘‘ह्यो डोला कुनाचा हाय तितं? मी पयल्या दिशी वलखला. आरशात बगतो ना रोज. झोपल्याल्या मानसाचा फोटू काडलास. इचारलंस?’’

मी पुढे धरलेलं पेन मागे घेतलं.

‘‘इचारलं आसतंस तर दिला आसता. येवडं काय त्यात. पन तू इचारलं न्हाय. आनि आता सई बी माज्याकडनं घेतेस ती तिच्या नावानं. माज्या तोंडाला इचार की.’’

‘‘मग विचारते. कराल सही?’’

तो सुतळीचा पीळ बोटांत फिरवत राहिला.

‘‘सकाली इचारलं आसतंस तर केली आसती,’’ तो म्हणाला. ‘‘आज ठरवूनच बसलेलो. आता न्हाय. आता केली तर ही बोलंल देवीनं करवली.’’ त्यानं काकीकडे हनुवटी उडवली. ‘‘आनि शेठ बोलंल पोरीनं फसवून घेतली. मी केली आसं कोनीच बोलनार न्हाय.’’

तो सकाळचं खरं बोलला की मला शिकवायला बोलला, मला ठाऊक नाही. मी खूप वेळा विचार केला आहे. काकाला खोटं बोलताना मी कधी पाहिलेलं नाही, आणि तेच मला खातं.

तक्रार काकाच्या सहीशिवाय गेली. ‘कामगारांच्या वतीनं’ असं वर लिहून, खाली गटातल्या तिघांच्या सह्या. गटात मी सांगितलं, काका घाबरतो. हे मी सांगितलं. माझ्या तोंडानं. कार्यालयातून कुणी आलं नाही, निदान मला कळेल असं नाही, आणि नुसत्या त्या कागदावर कुणी यावं तरी कशाला? ज्याचं दुखणं त्याचं नावच त्यावर नव्हतं.

चित्रमालिका मी बंद केली. मैत्रिणीला वाटत होतं चालू ठेवावी. लूमाईला आता दोन डोळे द्यावेत, गोष्ट पुढे न्यावी, असं तिच्या मनात होतं. मी म्हटलं, आता ती काय बोलेल ते मला लिहिता येणार नाही. प्रत्येक फुग्यात माझाच आवाज ऐकू यायला लागला होता, तो उतरवलेला. मैत्रीण माझ्यावर रागावली आणि तिचा राग बरोबर होता, कारण निम्मी देवी तिची होती आणि मी तिलाही विचारलं नव्हतं.

पावसाळ्याच्या आधी एका शुक्रवारी काकानं निरोप पाठवला, गाळ्यात ये. मला वाटलं, सही. धावत गेले. गाळ्यात तो एकटाच होता, खांबावरचा लाल बल्ब विझवलेला. जमिनीवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची गुंडाळी, पक्कड, बांधायची तार. सगळं त्यानं स्वतः आणलेलं. शेठला विचारलं होतं. शेठ म्हणाला होता, लाव की, माझं काय जातं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ‘‘तुम्ही का आणायची? त्याचं काम आहे ते! तुमचा डोळा गेला, आणि जाळीही तुम्हीच...’’

‘‘वरडू नको. लूम बंद हायेत, आयकू येतंय मना.’’ त्यानं गुंडाळीचं एक टोक माझ्या हातात दिलं. ‘‘एका डोल्यानं आंतर कलत न्हाय मना. तार कुटं घुसवायची ते दिसत न्हाय नीट. तू धर, मी बांदतो.’’

मी धरली. पहिल्या दोन लूमच्या मध्ये आम्ही जाळी ताणली. त्याची पक्कड दोनदा तारेच्या बाजूनं हवेतच मिटली. मी सांगायचे, थोडं डावीकडे, अजून थोडं, आणि तो माझ्या सांगण्यावरून हात हलवायचा. जाळीची टोकं बोटांना टोचत होती. हे चुकीचं आहे, हे अन्यायाचं आहे, एक डोळा गेलेल्या माणसानं शेठच्या लूमना फुकटात जाळी लावायची, यावर मोर्चा निघाला पाहिजे, असं माझ्या मनात चाललं होतं, आणि ते आजही मला तितकंच खरं वाटतं. पण त्या वेळी मी एवढंच विचारलं, ‘‘काका, सगळ्या लूमना पुरेल का ही?’’

‘‘न्हाय,’’ काका म्हणाला. ‘‘निम्म्या व्हतील. तानून धर.’’